ओबडधोबड आवाज राखावा की घासूनपुसून घ्यावा?

पंक रॉक या संगीतप्रकाराची ओळख मुळातच त्याच्या ओबडधोबडपणात आहे. मोजक्या स्वरसंगती, वेगवान ठेका, कर्कश गिटार आणि घसा फोडून केलेले गायन ही त्याची लक्षणे. मात्र असे ध्वनिमुद्रण श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याचे मिश्रण, म्हणजे 'मिक्सिंग', करावे लागते. तेथेच प्रश्न उभा राहतो : आवाज आहे तसा ठेवावा की त्यावर भरपूर संस्कार करावेत?

मिश्रणात काय घडते?

प्रत्येक वाद्य शक्यतो स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित केले जाते. मिश्रणात या ट्रॅकची पातळी आणि डावी-उजवी जागा ठरते. हे किमान संस्कार होत. त्यापुढे इक्वलायझरने खर्ज किंवा तीव्र स्वर कमी-अधिक करता येतात, कॉम्प्रेसरने लहान-मोठ्या आवाजांतील अंतर घटवता येते आणि रिव्हर्बने दालनात घुमल्याचा आभास निर्माण करता येतो.

कच्च्या ध्वनिमुद्रणात एक अडचण असते. सर्व वादक एकाच खोलीत एकत्र वाजवत असल्यास ड्रमचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. अशा गायनावर जोरकस कॉम्प्रेशन केले, तर शब्दांबरोबर झांजांचा खणखणाटही पुढे येतो. अतिसंस्कारांनी दोष झाकण्याऐवजी उघडे पडतात, ते असे.

रामोन्स : दोन टोके

न्यूयॉर्कच्या 'रामोन्स'चा पहिला अल्बम १९७६ मध्ये सुमारे आठवडाभरात आणि अवघ्या ६,४०० डॉलरच्या आसपास खर्चात तयार झाला. त्यात गिटार एका बाजूला व बास दुसऱ्या बाजूला ठेवून ड्रम आणि गायन मध्यभागी ठेवण्यात आले. याच गटाचा 'एंड ऑफ द सेंच्युरी' (१९८०) निर्माते फिल स्पेक्टर यांनी केला. अनेक वाद्यांचे थर आणि घुमारा यांतून आवाजाची भिंत उभारणे, ही त्यांची ख्याती. एका गाण्यात तर तंतुवाद्यांचा ताफाच आला. अमेरिकेत अल्बमने विक्रीच्या यादीत गटाचे सर्वोच्च स्थान गाठले. परंतु पहिल्या अल्बमचा थेटपणा त्यात उरला नाही, अशी अनेक चाहत्यांची भावना आहे.

'रॉ पॉवर'चा वाद

पंकची पूर्वपीठिका मानला जाणारा इगी अँड द स्टूजेस यांचा 'रॉ पॉवर' (१९७३) हे सर्वांत बोलके उदाहरण. गायक इगी पॉप यांचे मूळ मिश्रण नाकारले गेले आणि ते काम डेव्हिड बोवी यांच्याकडे आले. बोवी यांच्या सांगण्यानुसार, वाद्यवृंद एका ट्रॅकवर, मुख्य गिटार दुसऱ्यावर आणि गायन तिसऱ्यावर, एवढेच त्यांच्या हाती होते. परिणामी बास व ड्रम क्षीण राहिले.

इगी पॉप यांनी १९९७ मध्ये नवे मिश्रण केले. त्यात आवाजाची पातळी इतकी चढवली, की ध्वनिलहरींची शिखरेच छाटली गेली. रांगडेपणासाठी केलेला हा उपाय प्रत्यक्षात अतिसंस्काराचाच नमुना ठरला. बोवी यांचे मिश्रण २०१० मध्ये पुन्हा बाजारात आले. कोणते सरस, यावर रसिकांत आजही एकमत नाही.

दुसरी बाजू

अर्थात, संस्कार म्हणजे बिघाड असे मानणेही चुकीचे. सेक्स पिस्टल्सच्या १९७७ मधील एकमेव स्टुडिओ अल्बमवर निर्माते ख्रिस थॉमस यांनी काम केले. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या मिश्रणाची देखरेख करणारे ते हेच. स्टीव्ह जोन्स यांच्या गिटारचे थरांवर थर रचूनही त्या अल्बमचा दाहकपणा कमी झाला नाही, उलट वाढला.

तारतम्य कसे राखावे?

आधी केवळ पातळी व जागा ठरवावी आणि गाणे तेवढ्याने उभे राहते का, ते ऐकावे. नंतरचा प्रत्येक संस्कार विशिष्ट दोषासाठीच असावा. संस्कारापूर्वीचा व नंतरचा आवाज समान पातळीवर ताडून पाहावा, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ ट्रॅक स्वतंत्र जपून ठेवावेत. 'रॉ पॉवर'चे मूळ मुद्रण शिल्लक होते, म्हणूनच २४ वर्षांनी त्याचा पुनर्विचार शक्य झाला. अल्प पैशांत एकदाच स्टुडिओत जाऊ शकणाऱ्या गटाला दुसरी संधी मिळते, ती केवळ या जपणुकीमुळेच.