मिक्सरमध्ये इन्व्हर्टिंगच का?

समिंग अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट तुम्ही पन्नासदा तरी काढलं असेल. पण पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलं, "आवाज मिसळायला इन्व्हर्टिंगच का? नॉन-इन्व्हर्टिंग का नको?" तर? मला विचारलं होतं. मी सूत्र म्हणून दाखवलं. समोरच्यांनी फक्त मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला.

उत्तर इतिहासात आहे. आधी मिक्सिंग नुसत्या रेझिस्टरांनी व्हायचं: प्रत्येक माइकचा सिग्नल एकेका रेझिस्टरमधून एका बिंदूवर आणायचा. सिग्नल पडायचा, तो पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरने भरून काढायचा. शिवाय एक चॅनल काढला की बाकीच्यांची पातळी हलायची.

तोड निघाली ती भलत्याच कामातून. बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅकने 1927 मध्ये निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना मांडली, टेलिफोन लाइनवरची विकृती कमी करायला. तिथल्याच कार्ल स्वार्ट्झेलने 1941 मध्ये समिंग अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटंटसाठी अर्ज केला. मिळालं 1946 मध्ये. हे व्हॅक्यूम ट्यूबवरचं सर्किट विमानविरोधी तोफांचा नेम काढणाऱ्या यंत्रात लागलं. तिथे व्होल्टेज म्हणजे आकडा, आणि एका आकड्याने दुसऱ्याला धक्का लावून चालत नाही. इन्व्हर्टिंग रचनेत फीडबॅक जोडबिंदूला जवळजवळ शून्यावर धरून ठेवतो, त्यामुळे चॅनल एकमेकांना दिसतच नाहीत. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये तो बिंदू मोकळा. म्हणजे पुन्हा जुनंच रेझिस्टर मिक्सिंग, फक्त मागे ऑप-अ‍ॅम्प!

पण बघा, नॉइजचा प्रश्न यातून सुटला नाही. सगळे रेझिस्टर सारखे धरा आणि चॅनल 24. जुन्या पद्धतीत सिग्नल चोविसाव्या हिश्श्यावर येतो, तो 24 पट वाढवावा लागतो. नव्या पद्धतीत प्रत्येक चॅनलचा गेन 1 दिसतो, पण ऑप-अ‍ॅम्पचा स्वतःचा नॉइज 25 पट होतो. फरक जवळपास नाहीच.

हाच 25 बँडविड्थही खातो. 1968 च्या 741 ची मजल 1 मेगाहर्ट्झ, म्हणजे हाती उरतात 40 किलोहर्ट्झ. ऑडिओला पुरे वाटतात ना? पण 20 किलोहर्ट्झला त्याचा मूळ गेन 50 च असतो. 25 वजा जाता फीडबॅकला उरते जेमतेम दुप्पट... "वजा" चुकलं, भागिले म्हणायला हवं. एवढ्यात ना विकृती दबते, ना जोडबिंदू शून्यावर राहतो. 5532 मध्ये 10 मेगाहर्ट्झ मिळतात, तेव्हा हीच शिल्लक वीसपट होते.

आणि न वापरलेला चॅनल? त्याचा रेझिस्टर ग्राउंडला जोडून ठेवला तर नॉइज गेन 25 च राहतो. बसपासून तोडला की 24.