समलिंगी हक्क चळवळ, विस्कॉन्सिनमधील
लैंगिक कलावरून होणारा भेदभाव कायद्याने थांबविण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यात झालेली चळवळ. अशा भेदभावास राज्यभर मनाई करणारा त्या देशातील पहिला कायदा येथे १९८२ मध्ये झाला. तत्पूर्वी समलिंगी असल्याचे उघड झाल्यास नोकरी किंवा भाड्याचे घर गमवावे लागे आणि दाद मागण्यास राज्याच्या कायद्याचा आधार नसे.

मिल्वॉकीचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी व नागरी हक्कांचे वकील लॉइड बार्बी यांनी १९६७ पासून या प्रश्नी विधेयके मांडली. ती संमत झाली नाहीत. मॅडिसन शहराने १९७५ मध्ये आपल्या समान संधीविषयक नियमांत लैंगिक कलाचा अंतर्भाव केला. पुढे मॅडिसनचे प्रतिनिधी डेव्हिड क्लॅरनबॅक यांनी विधेयकाचा पाठपुरावा केला. विरोधकांचा मुख्य आक्षेप धार्मिक असल्याने कार्यकर्त्यांनी प्रथम धर्मोपदेशकांचीच मने वळविली. मिल्वॉकीचे कॅथलिक आर्चबिशप रेम्बर्ट वीकलँड यांच्यासारख्यांच्या पाठिंब्यामुळे हा प्रश्न नीतीच्या नव्हे, तर न्यायाच्या कक्षेत आला व साशंक प्रतिनिधींना अनुकूल मत देणे सुकर झाले. डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाने संमत केलेल्या या विधेयकावर रिपब्लिकन राज्यपाल ली ड्रायफस यांनी २५ फेब्रुवारी १९८२ रोजी स्वाक्षरी केली. खाजगी जीवनात शासनाने कमीत कमी हस्तक्षेप करावा, ही त्यांची भूमिका होती.

प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध मात्र १९८३ पर्यंत राज्यात गुन्हाच होते. २००६ मध्ये मतदारांनी समलिंगी विवाहास घटनादुरुस्तीद्वारे बंदी घातली. ती २०१४ मध्ये संघीय न्यायालयात रद्द ठरली.