वाट आणि चाक : सातारा-सांगलीच्या सड्यांवरील वाहनबंदीचे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

पाऊस लागला की साताऱ्याच्या आणि पाटणच्या सड्यांवर मोटारसायकली आणि चारचाकी चढू लागतात. डांबर संपले तरी गाडी थांबत नाही. गवतातून, कातळावरून, डबक्यांतून थेट कड्यापर्यंत जाते. अशा वाटेवर आडवा चर पडला किंवा फाटक बसले की तक्रारी तीन बाजूंनी येतात. पर्यटक म्हणतो, जंगल सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचे आहे. गावकरी म्हणतो, ही आमच्या वाडवडिलांची वहिवाट आहे. वनस्पतींचा अभ्यासक म्हणतो, बंदी आली ती उशिरा आणि अपुरी.

हा वाद मिटत नाही, कारण तिघे तीन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि बंदीचा आदेश मात्र त्यांना एकाच मापाने मोजतो. वाट ही एक गोष्ट, तिच्यावरून जाणारे साधन ही दुसरी आणि जाण्याचे कारण ही तिसरी. या तिन्हींचा निवाडा स्वतंत्रपणे केला, तर वादाचा बराच भाग गळून पडतो आणि खरा, कठीण भाग उघडा होतो. त्यासाठी प्रस्तुत विवेचन या क्रमाने केले आहे : आधी भूमी, मग कायदा, मग पक्ष, मग बंदीचे प्रकार, मग एक आक्षेप आणि अखेर कसोट्या.

२. भूमी आणि चाकाची इजा

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्याचे पसरट पठार. दुरून तो उजाड माळ दिसतो. सातबाऱ्यावर अनेकदा पोटखराबा म्हणूनच त्याची नोंद असते. कातळावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे वीतभर. पावसाच्या तीन-चार महिन्यांत या थरात उगवणे, फुलणे आणि बी धरणे एवढे सगळे उरकावे लागते. कास पठारावरचे गेंद, तेरडा आणि सोनकी हे याच घाईतले रहिवासी. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती तर कीटक पकडून जगतात, कारण मातीत नत्र पुरेसे नाही. वायतुऱ्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचे नाव आहे. कास, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाचे घटक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

अशा भूमीवर चाक चार प्रकारे इजा करते. पहिला प्रकार दाबण्याचा : ओली माती घट्ट होते, तिच्यातली हवा आणि पाणी मुरण्याची जागा जाते. दुसरा पाणी वळवण्याचा : चाकोरी म्हणजे आयता चर, उथळ डबक्याचे पाणी तिच्यातून निघून गेले की डबक्यावर जगणारी झाडे हंगाम संपण्याआधीच कोरडी पडतात. तिसरा वाट रुंदावण्याचा : चाकोरीत चिखल झाला की पुढची गाडी तो टाळून शेजारच्या गवतातून जाते, तिच्यामागची आणखी बाहेरून, आणि एका वाटेच्या चार होतात. चौथा बी वाहून आणण्याचा : टायरच्या चिखलाबरोबर रस्त्याकडेचे तण सड्यावर पोहोचते.

पायांनीही तुडवण होते. गर्दीच्या रविवारी ती थोडी नसते. पण पायी माणूस तासाभरात जेवढे अंतर तोडतो, तेवढे मोटारसायकल काही मिनिटांत तोडते, आणि तिची खूण सलग रेघेची असते. पाणी सलग रेघ धरूनच वाहते. म्हणून पाय आणि चाक यांच्यातला फरक निव्वळ कमी-अधिकाचा राहत नाही.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यातली इजा डोळ्यांना दिसते, म्हणून पावसाळी बंदी सगळ्यांना पटते. पण चाळकेवाडीच्या पठारावरून २०१६ मध्ये एका रंगीत गळपिशवीच्या सरड्याचे वर्णन झाले; ‘सारदा सुपर्बा’ हे त्याचे शास्त्रीय नाव. याचे नर पावसाआधीच्या उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर दगडांवर चढून गळपिशवी फुलवतात. म्हणजे ज्या महिन्यांत सडा ‘रिकामा’ वाटतो, तेच या सरड्याच्या विणीचे दिवस. फुले संपली की वाट खुली करावी, हा नियम फुलांपुरता बरोबर आहे. सड्यापुरता अपुरा आहे.

३. कायदा : तीन जमिनी, तीन नियम

एकाच वाटेवर चालताना माणूस तीन कायद्यांखालून जाऊ शकतो.

पहिली जमीन राखीव वनाची. येथे १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू होतो. वन राखीव करताना आधी हक्क मागवले जातात; मुदतीत न मागितलेला हक्क कलम ९ प्रमाणे संपतो आणि कलम २३ प्रमाणे राखीव वनात नंतर नवा हक्क साधत नाही. सरकारी जमिनीवर ३० वर्षांच्या अखंड वापराने वहिवाटीचा हक्क मिळू शकतो, असे मुदतीचा कायदा एरवी सांगतो. राखीव वनात तो मार्ग बंद आहे. म्हणून ‘आम्ही पंधरा वर्षे येथे गाडी चालवतो’ हा दावा सामाजिक दृष्ट्या कितीही खरा असला, तरी कायद्यात टिकत नाही.

परंतु हाच अधिनियम दुसऱ्या हाताने एक बंधन घालतो, आणि वादात ते फार क्वचित उच्चारले जाते. कलम २५ प्रमाणे वनाधिकारी राखीव वनातली सार्वजनिक किंवा खासगी वाट बंद करू शकतो, पण त्याला राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि पुरेशी सोयीची पर्यायी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. म्हणजे वाट बंद करण्याचा अधिकार आणि पर्याय देण्याचे कर्तव्य कायद्याने एकाच वाक्यात बांधले आहेत.

दुसरी जमीन अभयारण्याची, राष्ट्रीय उद्यानाची आणि व्याघ्र प्रकल्पाची. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०१० मध्ये अधिसूचित झाला. एकूण क्षेत्र ११६५.५७ चौरस किलोमीटर, त्यात ६००.१२ गाभा आणि ५६५.४५ बफर. गाभा मुख्यतः कोयना आणि चांदोली मिळून होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे गाभ्यात परवानगीविना प्रवेशच नाही. अपवादांत सार्वजनिक महामार्गावरून जाणारा प्रवासी येतो. त्यामुळे कुंभार्ली घाटातून कराड-चिपळूण जाणारी एसटी आणि त्याच जंगलात आडवाटेने शिरणारी जीप यांना कायदा दोन वेगळ्या नजरांनी पाहतो. येथे भार उलटा असतो : वाट बंद का, हे वनखात्याने सिद्ध करायचे नाही, आत का जायचे, हे जाणाऱ्याने सांगायचे.

तिसरी जमीन मालकीची, गायरानाची किंवा महसुली पडीक. सड्यांचा बराच भाग असा आहे आणि तिथे वनखात्याचा हात पोहोचत नाही. उपयोगी पडू शकते ते मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ११५ : सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून विशिष्ट भागात वाहनांना मनाई करता येते, एका महिन्याहून अधिक काळ ती ठेवायची असेल तर राजपत्रात प्रसिद्धी हवी. म्हणजे हंगामी बंदीला साधन आहे, पण ते वनखात्याच्या नव्हे, जिल्हा यंत्रणेच्या हाती आहे.

या तिन्हींवर २००६ चा वनहक्क कायदा वेगळा प्रकाश टाकतो. कलम ३(१)(घ) मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वावराचा सामूहिक हक्क मानला आहे. कोयना-चांदोलीच्या माथ्यांवरचे गवळी-धनगर त्यात येऊ शकतात. मात्र ते अनुसूचित जमातीत मोडत नसल्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास त्यांना दाखवावा लागतो. शेरडा-म्हशींची वाट हा अशा वासाचा पुरावा असतो. ती सरसकट बंद झाली तर हक्काबरोबर पुरावाही पुसला जातो.

४. पक्ष आणि त्यांच्या दाव्यांचे वजन

दाव्यांची प्रतवारी केल्याशिवाय निवाडा होत नाही. सर्वांत वर निकडीची ये-जा : वाडीवरून रुग्ण किंवा बाळंतीण खाली आणणे, रेशन वर नेणे. त्याखाली उपजीविका : चराई, गवत, मध. मग श्रद्धा : गाभ्यातून उठवलेल्या गावांची ग्रामदैवते मागे राहिली आहेत आणि देवाला जायची ओढ पुनर्वसनाने संपत नाही. मग पर्यटनावरचा रोजगार : जीपवाले, नावाडी, खानावळी. सर्वांत खाली गाडी चालवण्याची मौज.

मौज खालच्या पायरीवर ठेवली म्हणजे तिला तुच्छ लेखले असे नाही. तिच्यासाठी दुसरी जागा शोधता येते. रुग्णासाठी दुसरी वाडी शोधता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. इतर देशांतही निर्णय याच दिशेने गेला. अमेरिकेत १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आडवाटेच्या वाहनांना सार्वजनिक जमिनीवर आवर घालण्याचा आदेश काढला. २००५ मध्ये तिथल्या वनसेवेने नियमच उलटवला : नकाशावर खुली दाखवलेली वाटच वाहनाला खुली, बाकी बंद. इंग्लंडमध्ये जुन्या काळी घोडागाडी जात होती, एवढ्या पुराव्यावर मोटार नेण्याचा हक्क सांगता येत असे. २००६ च्या कायद्याने नोंद नसलेल्या वाटांवरचे असे बहुतेक मोटारहक्क संपवले, पायी हक्क मात्र ठेवले. कासच्या जुन्या राजमार्गाबद्दल हा मुद्दा थेट लागू पडतो. घोडे आणि बैल तिथून गेले असतील. त्यावरून मोटारीचा वारसाहक्क निघत नाही. आजही त्याच वाटेने कुमुदिनी तलावाकडे पायी जाता येते, आणि तेच तिचे योग्य रूप आहे.

५. बंदीचे चार प्रकार

बंदी जागेची, वेळेची, संख्येची किंवा साधनाची असू शकते.

जागेची बंदी सर्वांत सोपी आणि सर्वांत बोथट. कासवर जाळीचे कुंपण घातले गेले. त्याने गाड्या अडल्या, तशी गुरेही अडली. चराई थांबल्याने गवत माजते आणि फुले कमी होतात, असा आक्षेप स्थानिकांनी घेतला आणि पुढे कुंपण काढण्यात आले. इजा करणारे चाक आणि कदाचित उपकार करणारे खूर यांना एकाच तारेने अडवले, की असे होते.

वेळेच्या बंदीचे ठळक उदाहरण कर्नाटकातल्या बंदीपूरचे : २००९ पासून तिथल्या महामार्गावर रात्री ९ ते सकाळी ६ सामान्य वाहतूक बंद आहे. रस्ता राहिला, रात्र वन्यजीवांना मिळाली. वाद मात्र केरळच्या बाजूने आजही धगधगतो, कारण वळसा घालण्याचा खर्च तिकडे पडतो. संख्येची बंदी कासवर फुलांच्या हंगामातल्या आगाऊ नोंदणीने आणि रोजच्या मर्यादेने आली.

साधनाची बंदी माथेरानने दीर्घकाळ आणि कडकपणे पाळली : दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार नाही. माणूस, घोडा आणि सामान जाते. पण चाक अडवले की त्याचे ओझे कुणाच्या तरी खांद्यावर येते. माथेरानमध्ये ते हातरिक्षा ओढणाऱ्यांवर आले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती प्रथा थांबवून ई-रिक्षांकडे वळण्यास सांगावे लागले. साधनाची बंदी योग्य असली, तरी ती फुकट नसते.

६. पवनचक्कीचा आक्षेप

गावकऱ्यांचा सर्वांत बिनतोड प्रश्न असा : वांकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी जड वाहनांचे रस्ते झाले, तेव्हा सडा नाजूक नव्हता काय? याच पठारांवरच्या एका अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले, की चक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त आढळतात; चक्कीने वरचा शिकारी हटवला, त्याचा परिणाम खाली पाझरला. म्हणजे मोठी पायाभूत कामे सड्याची घडण बदलतात, हे सिद्ध आहे.

या आक्षेपाचे उत्तर ‘मग सगळ्यांनाच मोकळीक’ असे नाही. ते असे आहे, की चक्क्यांसाठी झालेला रस्ता हाच वाहनांचा शेवटचा रस्ता ठरवावा. त्याला फुटणाऱ्या प्रत्येक कच्च्या फाट्याला स्वतंत्र कारण द्यावे लागावे. झालेली इजा नव्या इजेचा दाखला होत नाही, पण बंदीचा भार केवळ दुबळ्यावर टाकण्याचेही समर्थन होत नाही.

७. कसोट्या

वरील चर्चेतून बंदीच्या आदेशाला पाच कसोट्या लावता येतात. एक, आदेशात जमिनीचा प्रकार आणि कायद्याचे कलम स्पष्ट हवे. राखीव वनाची भाषा गायरानावर वापरली की आदेश पहिल्याच आव्हानाला कोसळतो. दोन, पाय, खूर आणि चाक यांच्याबद्दल तीन स्वतंत्र निर्णय हवेत. तीन, ऋतू जिवांप्रमाणे ठरावा, पर्यटनाच्या सोयीप्रमाणे नव्हे. चार, कलम २५ मधली पर्यायी वाट बंदीच्या दिवशीच चालू हवी. आजारी माणसाच्या वाहनाला फाटक उघडण्याची किल्ली गावात हवी, तालुक्याला नव्हे. पाच, नियम खुल्या वाटांच्या यादीने चालावा : यादी ग्रामसभेपुढे ठेवून ठरवावी, नाक्यावर लावावी आणि तिच्यात नसलेली वाट वाहनाला आपोआप बंद समजावी.

पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. आज पाटी दिसली नाही म्हणजे वाट मोकळी, असे मानले जाते; त्यामुळे खात्याला प्रत्येक नव्या चाकोरीमागे धावावे लागते आणि चाकोरी नेहमी पुढे राहते. यादीने हा क्रम उलटतो. शिवाय यादी करण्याच्या निमित्ताने गावाला आपली वाट लेखी नोंदवता येते, हा गावाचा लाभ आहे. २०२५ च्या अखेरीस ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. यापुढे गाभ्याभोवतीचे निर्बंध सैल होण्यापेक्षा घट्ट होण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा नोंदलेली वाट वाटाघाटीत उभी राहील. न नोंदलेली, कितीही जुनी असली तरी, मौजेच्या चाकोऱ्यांबरोबरच पुसली जाईल. म्हणून यादीची घाई खात्याहून गावाला अधिक असायला हवी.