स्वकीय आणि परकीय आरएनए : एका रासायनिक खुणेचा शोध

शरीरातील पेशी विषाणूचा आरएनए परका म्हणून ओळखते ती कशाच्या आधारे, हा प्रश्न प्रथमदर्शनी वाटतो त्याहून कठीण आहे. पेशीचा आणि विषाणूचा आरएनए मूलतः ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व युरॅसिल या चार घटकांचाच घडलेला असतो. लिपी एकच असता मजकूर परक्याचा आहे, हे कसे कळावे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आरएनएतील रासायनिक फेरबदलांत दडलेला होता. तथापि या फेरबदलांचा शोध आणि त्यांच्या प्रतिकारविषयक अर्थाचा उलगडा यांत जवळजवळ अर्धशतकाचे अंतर पडले. ते का पडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१९५७ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय होय. त्या वर्षी डेव्हिस व ॲलन यांनी यीस्टच्या आरएनएतील एका पाचव्या न्यूक्लिओटाइडाचे वर्णन केले. पुढे स्यूडोयुरिडीन या नावाने ओळखल्या गेलेल्या या घटकात युरॅसिल हे शर्करेशी नायट्रोजनाऐवजी कार्बनाने जोडलेले असते. त्याच वर्षी लंडनमधील मिल हिल येथील संशोधनसंस्थेत आयझॅक्स व लिंडनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलावर उष्णतेने निष्क्रिय केलेल्या इन्फ्ल्यूएंझा विषाणूची क्रिया घडवून पुढील संसर्गास अटकाव करणारे द्रव्य मिळविले व त्यास इंटरफेरॉन हे नाव दिले. एक शोध रसायनज्ञांचा, दुसरा विषाणुतज्ज्ञांचा. परस्परांशी त्यांचा काही संबंध असेल, अशी शंका येण्यास त्या वेळी कारण नव्हते.

१९६३ साली आयझॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मत मांडले की, परके न्यूक्लिइक अम्ल हीच इंटरफेरॉनच्या निर्मितीची प्रेरणा असावी. परकेपणाची नेमकी खूण कोणती, हे मात्र अनिर्णित राहिले. १९६७ साली मर्क येथील हिलमन यांच्या गटाने दुहेरी साखळीचा आरएनए इंटरफेरॉन निर्माण करवितो, असे दाखवून दिले. हे उत्तर खरे होते. पण ते आकाराविषयीचे होते. एकेरी साखळीच्या आरएनएनेही पेशी चेतविली जाते, याचा उलगडा त्याने होत नव्हता.

दरम्यान फेरबदलांविषयीचे ज्ञान वाढत गेले. १९७४ साली सस्तन प्राण्यांच्या पेशींतील संदेशवाहक आरएनएत मिथिल गट धारण करणारे ॲडेनोसीन आढळले. १९७५ साली फुरुइची, शॅटकिन प्रभृतींनी रिओव्हायरसच्या संदेशवाहक आरएनएच्या अग्रभागी मिथिलयुक्त ‘टोपी’ असल्याचे दाखविले. अशीच टोपी पेशीच्या संदेशवाहक आरएनएवरही असते. विषाणूने यजमानाची खूण का धारण करावी, या प्रश्नाचे बीज येथेच होते. परंतु त्या काळी टोपीचा विचार मुख्यतः प्रथिननिर्मितीच्या व आरएनएच्या स्थैर्याच्या अंगाने झाला.

हा विलंब केवळ दृष्टीच्या अभावामुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन साधने उपलब्ध नव्हती. हवा तसा आरएनए परीक्षानळीत बनविण्याची सुलभ रीत १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली. आरएनए ओळखणारे पेशींतील ग्राही तर त्याहून उशिरा ज्ञात झाले : टीएलआर-३ चे हे कार्य २००१ साली, टीएलआर-७ व टीएलआर-८ यांचे २००४ साली. ही साधने हाती आल्यावर, २००५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कातालिन कारिको, ड्र्यू वाइसमन व त्यांचे सहकारी यांनी मानवी डेंड्रायटिक पेशींवर प्रयोग केले. जीवाणूंच्या, तसेच सस्तन प्राण्यांच्या मायटोकाँड्रियांतील आरएनएने या पेशी तीव्रतेने चेतल्या. फेरबदलांनी समृद्ध अशा सस्तन प्राण्यांच्या आरएनएने फारच कमी. कृत्रिम आरएनएत स्यूडोयुरिडीन वा मिथिलयुक्त घटक घालताच सायटोकाइनांचा स्राव लक्षणीय घटला. १९५७ मधील दोन प्रवाहांचा संगम झाला तो येथे. २०२० च्या अखेरीस वापरात आलेल्या फायझर-बायोएनटेक व मॉडर्ना यांच्या कोविड लसींत याच कुळातील एन-१-मिथिलस्यूडोयुरिडीन योजिलेले होते. २०२३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कारिको व वाइसमन यांना मिळाले.

टोपीच्या प्रश्नाचे उत्तरही लवकरच मिळाले. २०१० साली वेस्ट नाइल विषाणूच्या, तर २०११ साली कोरोनाविषाणूंच्या अशा उत्परिवर्तित प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, की ज्यांना टोपीलगतच्या शर्करेवर मिथिल गट बसविता येत नाही. पहिल्यास इंटरफेरॉनप्रेरित आयफिट प्रथिने रोखू शकली. दुसऱ्यास एमडीए-५ या ग्राहीने ओळखून इंटरफेरॉनची निर्मिती घडविली. म्हणजे यजमानाची मुद्रा विषाणू स्वतःच उमटवीत होता.

यावरून स्वकीयत्वाची खूण हा काही अभेद्य शिक्का नव्हे, हे स्पष्ट होते. आरएनएचा आकार, त्याचे अग्र व त्यावरील फेरबदल यांच्या एकत्रित साक्षीवर पेशी आपला निर्णय करते, आणि ती साक्ष बनावटही असू शकते. आयझॅक्स यांचा प्रश्न योग्यच होता. त्याच्या उत्तराचा एक भाग दुसऱ्या शाखेच्या दप्तरी आधीच नोंदलेला होता, परंतु तो पडताळून पाहण्याची साधने यावयाची होती. शास्त्राच्या इतिहासात विलंबाचे माप घेताना कल्पनेइतकाच साधनांचाही हिशेब मांडला पाहिजे, हेच या वृत्तांताचे तात्पर्य होय.