न आलेल्या पावसाची स्तुति

ऋतूंचें वर्णन करणारें काव्य बहुतेक सर्व प्रगल्भ भाषांत आढळतें. संस्कृतांत ‘ऋतुसंहार’ आहे. इंग्रजींत जेम्स टॉमसन याचें ‘सीझन्स’ हें काव्य १७३० सालीं पुरें झालें व त्याच्या शेवटीं कवीनें चारहि ऋतूंच्या निमित्तानें ईश्वराचें एक स्तोत्र जोडलें. तें स्तोत्र विद्यार्थ्यांस शिकवीत असतां मला नेहमीं एक शंका येत असे. ऋतूची शोभा पाहून देवाची स्तुति करणें फारसें अवघड नाहीं. परंतु ज्याचें पोट त्या ऋतूवर अवलंबून आहे आणि ज्याला ऋतूनें वारंवार दगा दिला आहे, त्यानें ती कां करावी व कशी करावी? या शंकेचें उत्तर मला टीकाग्रंथांत मिळालें नाहीं. तें पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या इतिहासांत सांपडलें. तेंच येथें वाचकांपुढें ठेवतों.

हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. शिरूरपाशीं घोड वाहते, दौंडपाशीं भीमा; आणि घोड शेवटीं भीमेसच मिळते. या नद्यांना पूर येतो तो घाटमाथ्यावरील पावसाचा; खुद्द शेतावर पडणारा पाऊस थोडा व लहरी. मृग नक्षत्र लागल्यापासून शेतकरी आभाळाकडे पाहूं लागतो, आणि पुष्कळदां हस्त येईपर्यंत पाहतच राहतो. पावसाचें वर्ष असें अनिश्चित असलें तरी भजनाचें वर्ष मात्र ठरलेलें आहे. आषाढांत पंढरीची वारी, श्रावणांत पोथी, कार्तिकांत पहांटेचा काकडा, फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकाराम-बीज, आणि गांवोगांवचे हरिनामसप्ताह. हें पंचांग पावसासाठीं खोळंबत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या पंचांगाच्या मुळाशींच एक दुष्काळ आहे. १६३० च्या सुमारास दक्षिणेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत देहूच्या तुकारामांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली, मुलगाहि गेला, व्यापार बसला. अशा मनुष्यानें देवाशीं कायमचा अबोला धरला असता, तर त्यास कोणीं नांव ठेवलें नसतें. चरित्रकार सांगतात कीं, त्यांनीं वडिलार्जित सावकारीचीं खतें बाहेर काढलीं, निम्मीं धाकट्या भावाच्या हवालीं केलीं व आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत बुडविलीं. देवाच्या स्तुतीकडे वळतांना त्यांनीं प्रथम आपल्याच कुळांस ऋणमुक्त केलें, असा याचा अर्थ. पुढें १६८५ सालीं त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं पालखीची प्रथा घातली. ती पालखी यवत, वरवंड, पाटस या दौंड तालुक्यांतील गांवांवरून रोटीचा घाट चढून पुढें जाते. शिरूरचाहि या परंपरेंत वांटा आहे. तुकारामांच्या मागून झालेले निळोबा हे पिंपळनेरचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्यांचें मूळ गांव घोडनदीकांठचें शिरूर, असें परंपरा सांगते. गुरूची देहानें भेट न घडतांहि त्यांनीं गुरूचाच अभंग पुढें चालविला.

यावर सुशिक्षितांचा एक आक्षेप आहे, आणि एके काळीं तो मीहि घेत असें. टाळ कुटणाऱ्याच्या हातून अन्यायाचा प्रतिकार होत नाहीं. जें होईल तें देवाची इच्छा म्हणून तो सोसतो, असा तो आक्षेप. इतिहास त्यास दुजोरा देत नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें आणि येथील कापसाचा भाव कोसळला. इकडे सरकारनें सारा वाढविला. कुणबी कर्जांत गळ्यापर्यंत बुडाला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची हजामत करण्यास न्हावीहि मिळेना. पुढें ता. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला, आणि शिरूर व त्या वेळचा भीमथडी या तालुक्यांत तो पसरत गेला. भीमथडीचा बराच भाग आज दौंड तालुक्यांत मोडतो. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे हातीं आले कीं ते जाळीत. सरकारला चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस कर्जापासून संरक्षण देणारा कायदा झाला.

वारीची वाट ज्या मुलुखांतून जाते, तोच हा मुलूख होय. तुकारामांनीं दुसऱ्यांकडून येणें असलेलीं खतें स्वखुशीनें पाण्यांत टाकलीं. या लोकांनीं स्वतःवरचीं खतें जबरीनें अग्नींत टाकलीं. हा भेद लहान नाहीं, आणि एका गोष्टीपासून दुसरी निघाली असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु भजनानें माणसाचें मेंढरूं होतें, हें मत मला त्या दिवसापासून सोडून द्यावें लागलें.

अशा स्तुतीवर एकाच धर्माची मालकी आहे असेंहि नाहीं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मागोमाग आई व बहीण, असे एकामागून एक उपासमारीनें गेले. रमाबाई पुढें ख्रिस्ती झाल्या व त्यावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या, दौंड तालुक्यांतील केडगांवच्या माळावर त्यांना आसरा दिला, विहिरी खणल्या, झाडें लावलीं, आणि त्या स्थानास ‘मुक्ति’ असें नांव दिलें. तेथें प्रार्थना होत, तशींच शेती, विणकाम व छपाईचीं कामेंहि होत. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा आईच्या आधीं गेली. तरीहि बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम त्यांनीं तडीस नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच देह ठेवला. दुष्काळानें ज्यांचें घर पुसून टाकलें, त्यांनींच दुष्काळांतल्या मुलींसाठीं घर बांधलें. आणि त्या घराचा दिवस प्रार्थनेनें उजाडत असे.

आज या तालुक्यांचें रूप पुष्कळ पालटलें आहे. घोडेवर चिंचणीचें धरण झालें. उजनीचें पाणी फुगून भीमेच्या पात्रांतून दौंड तालुक्यांत येतें. बाजरीच्या जागीं ऊस दिसतो. तरी १९७२ चा दुष्काळ वृद्ध माणसें अजून विसरलेलीं नाहींत. २०२० सालीं साथीमुळें पायीं वारी झाली नाहीं, पादुका एस. टी. च्या गाडीनें पंढरीस गेल्या, आणि रोटीचा घाट त्या आषाढांत मुका राहिला. वारी मात्र चुकली असें कोणीं म्हटलें नाहीं. घरोघरीं तोच हरिपाठ झाला.

कांहीं वर्षांपूर्वींच्या एका कोरड्या आषाढांत मी याच घाटाच्या पायथ्याशीं उभा होतों. दोन्ही बाजूंचीं रानें नांगरून तशींच पडलेलीं होतीं. वाटेच्या कडेला टेकलेल्या एका वृद्ध वारकऱ्यास मीं विचारलें, “माउली, पाऊस नाहीं, पेरणी नाहीं, मग देवाचे उपकार कशाबद्दल मानायचे?”

तो हंसून म्हणाला, “उपकार कोन मानतंय, बाबा? भांडायला चाललोय. पर भांडायचं ते घरच्यासंगंच ना!”

एवढें बोलून त्यानें टाळ उचलले आणि तो घाट चढूं लागला. स्तुति म्हणजे आलेल्या पावसाची पावती, असें मी इतकीं वर्षें समजत होतों. हीं माणसें ती पावती नव्हे, नातें म्हणून करतात. म्हणूनच पाऊस चुकला तरी ती चुकत नाहीं.