पाटा ॲक्सलच्या खाली की वर? जीपच्या पोटाखालचा एक इतिहास

#थ्रेड

१/ २३ सप्टेंबर १९४०. अमेरिकेतील बाल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर एक बुटकी, उघडी गाडी येऊन थांबली. कराराची मुदत संपायला जेमतेम अर्धा तास उरला होता. बँटम कंपनीने ४९ दिवसांत उभी केलेली ही गाडी म्हणजे पुढे जगभर गाजलेल्या जीपचा पहिला नमुना. जीपचे इंजिन, तिची चार चाकांची ओढ आणि रणांगणावरील कामगिरी यांवर पुष्कळ लेखन झाले आहे. हा थ्रेड तिच्या पोटाखालच्या पोलादी पाट्यांचा आहे.

२/ महाराष्ट्रात महामार्गालगत 'कमान पाटे' अशी पाटी मिरवणारी दुकाने सर्वांच्या परिचयाची आहेत. एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा हा जुडगा, म्हणजेच लीफ स्प्रिंग. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात. एक डोळा चासीला पक्का जखडलेला, दुसरा 'शॅकल' नावाच्या झुलत्या दुव्याने अडकवलेला. पाटा दबला की त्याची लांबी वाढते; त्या वाढीला वाट मिळावी म्हणून शॅकल झुलतो.

३/ पाटा केवळ धक्के सोसतो, हा समज अपुरा आहे. तो गाडीचे वजन पेलतो, ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो, पट्ट्यांच्या परस्पर घर्षणाने उसळी शमवतो आणि चाकांचा जोर चासीपर्यंत पोहोचवतो. एवढी कामे एकाच वस्तूकडे असल्यामुळे ती कुठे व कशी बसवली आहे, यावर गाडीचा सारा स्वभाव ठरतो. या बैठकीत केलेला बदल एका कामापुरता मर्यादित राहत नाही.

४/ हा धडा मोटारीहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या लॅम्बेथ भागातील ओबादाया इलियट या कारागिराने लंबवर्तुळाकार स्प्रिंगचे पेटंट घेतले. तोवर घोडागाडीच्या पुढच्या व मागच्या आसांना जोडणारा एक जड दांडा गाडीखाली असे. इलियटने आस थेट स्प्रिंगला आणि स्प्रिंग थेट गाडीच्या सांगाड्याला जोडली. दांड्याची गरज संपली, गाडी हलकी झाली, बुटकी झाली. त्याच्या सुधारणेचे मर्म स्प्रिंग कशाला जोडली, यात होते.

५/ मोटार आली तेव्हा पाट्यावर नवा भार पडला. घोडा गाडीला पुढून ओढत असे; इंजिन मात्र ॲक्सललाच पिळून चाके फिरवते. चाक पुढे फिरते तेव्हा ॲक्सलचे घर उलट दिशेने वळू पाहते. हॉचकिस पद्धतीच्या रचनेत हा पीळ रोखण्याचे कामही पाट्यांकडेच आले. पुढील कथेत हा पीळ वारंवार भेटणार आहे.

६/ आता १९४० कडे. जुलैमध्ये अमेरिकी सैन्याने १३५ उत्पादकांकडे मागणी पाठवली होती. गाडीचे वजन १३०० पौंडांहून अधिक नको, म्हणजे सुमारे ५९० किलो. पुढची काच आडवी केल्यावर उंची ३६ इंचांच्या आत हवी. चारही चाकांना ओढ हवी. वजनाची अट अशक्यप्राय ठरली आणि ती नंतर शिथिल करावी लागली. अखेर तयार झालेली जीप हजार किलोंहून जड होती. बुटकेपणाचा आग्रह मात्र टिकला. उंच गाडी शत्रूला दुरून दिसते, हे त्यामागचे साधे कारण.

७/ बँटमच्या आरंभानंतर विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात ६ लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्यांच्या पोटाखाली पाहिले तर एक गोष्ट लक्ष वेधते. पाटे ॲक्सलच्या खाली आहेत. ॲक्सलच्या नळीवरून यू-बोल्ट खाली उतरतात आणि पाट्याला कवेत घेतात. म्हणजे गाडीचे वजन पाट्यांवर, आणि पाटे यू-बोल्टांच्या आधाराने ॲक्सलला टांगलेले.

८/ या मांडणीने चासी जमिनीच्या जवळ राहते. गुरुत्वमध्य खाली येतो, आकृती बुटकी होते, म्हणजे सैन्याची अट आणि गाडीचा तोल दोन्ही साधतात. किंमतही उघड आहे. पाटे व त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या ॲक्सलच्या खाली लोंबत असल्याने खडकावर प्रथम त्याच घासतात. युद्धकाळातील रचनाकारांनी हा व्यवहार पत्करला. त्यांना शेतातून, चिखलातून आणि कच्च्या रस्त्यांवरून वेगाने जाणारी गाडी हवी होती. डोक्याएवढ्या शिळांवरून रांगणारी नव्हे.

९/ दुसरी निवड शॅकलची. जीपच्या पुढच्या पाट्याचा झुलता दुवा पुढच्या टोकाला, बंपरजवळ आहे. पक्का डोळा मागे. त्यामुळे पुढचे चाक उंचवट्यावर आदळून पाटा सपाट झाला की वाढलेली लांबी पुढच्या बाजूस जाते आणि ॲक्सल त्या उंचवट्याच्याच दिशेने किंचित ढकलला जातो. वाळूत वा गवतात हे जाणवत नाही. दगडावर मात्र धक्का थेट चालकाच्या मनगटापर्यंत पोहोचतो.

१०/ मूळ रचना निर्दोष होती, असे मानण्याचे कारण नाही. ब्रेक दाबला की पुढचा ॲक्सल पिळला जाई आणि गाडी एका बाजूस ओढ घेई. त्यावर उपाय म्हणून डाव्या पुढच्या पाट्याला पिळाचा प्रतिकार करणारा आखूड पाट्यांचा पूरक संच जोडण्यात आला. जीपच्या पाट्यांत पहिला फेरफार करणारे लोक हौशी मेकॅनिक नव्हते. ते तिचे जन्मदातेच होते.

११/ युद्ध संपले. १९४५ मध्ये विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप बाजारात आणली. त्याच वर्षी के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलाद व्यापाराची पेढी स्थापली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. मुंबईत माझगावच्या कारखान्यात विलीजच्या सुट्या भागांतून जीपगाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

१२/ पुढे अमेरिकेत कालबाह्य झालेल्या सीजे-३बी या नमुन्याचा वंश भारतात अनेक दशके चालला. इथल्या रस्त्यांनी त्या पाट्यांपुढे निराळा प्रश्न ठेवला. पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' म्हणून धावणाऱ्या जीपगाड्यांत ठरलेल्या संख्येच्या कितीतरी अधिक माणसे बसत. गाडी मागून बसली की उपाय एकच: जुडग्यात एखादा पाटा वाढवणे. रिकामी असताना ती गाडी हाडे खिळखिळी करी, कारण जादा पाटा वाकण्याइतके वजनच तिच्यात नसे. इथे गरज भाराची होती, उंचीची नव्हती.

१३/ अमेरिकेत मात्र प्रश्न उंचीचा झाला. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात मार्क स्मिथ यांच्या पुढाकाराने रुबिकॉन या खडकाळ डोंगरवाटेवर पहिली 'जीपर्स जँबोरी' भरली. १९६७ मध्ये युटा राज्यातील मोआब येथे ईस्टरच्या सुट्टीतील जीप सफारी सुरू झाली. ज्या शिळा टाळण्यासाठी सैनिक वळसा घालत, त्या ओलांडणे हाच आता खेळ होता. त्यासाठी मोठी चाके हवी होती आणि मोठ्या चाकांसाठी चासीखाली जागा.

१४/ उंची मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे लांब शॅकल किंवा अधिक कमानदार पाटे. धाडसी मार्ग वेगळा: ॲक्सलच्या खालचा पाटा उचलून वर ठेवणे. त्यासाठी नळीच्या वरच्या अंगाला पाट्याची नवी बैठक वेल्डिंगने जोडावी लागते. नळीची जाडी आणि जुडग्याची जाडी मिळून चासी एका दमात ५ ते ६ इंच वर येते. पाटे तेच राहतात, त्यांचा मऊपणाही तोच. यू-बोल्टांवर टांगलेले वजन आता ॲक्सलवर विसावते आणि खाली लोंबणारे भाग खडकापासून दूर जातात. कागदावर हा निखळ फायद्याचा सौदा दिसतो.

१५/ पहिली किंमत पिळाची. चाक जमिनीला ढकलते ते टायरच्या तळाशी. तो जोर सोसणारा पाटा जितका उंच, तितकी तरफ लांब. पाटा वर गेल्याने तरफ ५-६ इंचांनी लांबते. चढावर जोर लावताच पाटा इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वाकतो, ॲक्सलचे नाक वर उचलले जाते आणि मग झटक्यासरशी परतते. या झटक्यांनी प्रॉपेलर शाफ्टचे सांधे तुटतात. म्हणून ॲक्सलपासून चासीपर्यंत पीळ रोखणारा स्वतंत्र दांडा बसवावा लागतो. इलियटने एक दांडा काढून टाकला होता. दीड शतकानंतर दुसऱ्या कामासाठी दुसरा दांडा परत आला.

१६/ दुसरी किंमत कोनांची. चासी वर गेली की प्रॉपेलर शाफ्ट अधिक तिरपा होतो. मागच्या ॲक्सलचे नाक योग्य कोनात वळवूनच नवी बैठक वेल्ड करावी लागते. एकदा जोडल्यावर चूक सुधारायची तर कापण्यावाचून गत्यंतर नाही. पुढच्या ॲक्सलचा कोन बिघडला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. स्टिअरिंगचे दुवे तिरपे झाले तर प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःच दिशा बदलू पाहते.

१७/ शॅकल पुढून मागे नेण्याचा फेरफारही असाच. ॲक्सल आता उंचवट्यावरून मागे सरकतो, दगडावरचा धक्का सौम्य होतो. परंतु ॲक्सल मागे सरकतो म्हणजे पुढचा शाफ्ट दाबला जातो. त्याच्या सरकत्या सांध्याला अधिक वाव द्यावा लागतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाकही पूर्वीपेक्षा अधिक खाली झुकते.

१८/ सर्वांत मोठी किंमत तोलाची. युद्धकालीन जीपच्या दोन आसांतील अंतर अवघे ८० इंच आणि रुंदीही बेताची. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेतील '६० मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने सीजे-५ ही जीप अचानक वळणात उलटत असल्याच्या चाचण्या दाखवल्या. त्या चाचण्यांच्या पद्धतीवर वाद झाले, पण प्रश्न सार्वजनिक झाला. ही चर्चा कारखान्यातून निघालेल्या उंचीच्या गाडीची होती. तिच्यात आणखी ६ इंच वाढवले की काय होईल, हे समजायला प्रयोगशाळेची आवश्यकता नव्हती.

१९/ इथे इतिहास एक चकवा देतो. पाटे हेच दोषाचे मूळ असते, तर ते काढताच दोष गेला असता. १९६० च्या सुमारास अमेरिकी सैन्याने नेमके तेच केले. एम-१५१ या नव्या गाडीत पाट्यांच्या जागी गुंडाळी स्प्रिंग आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र झुलण्याची सोय आली. उंचसखल भूमीवर ती अधिक सुखकर होती. पण जोरदार वळणात मागची चाके आत दुमडत आणि ती उलटे. रचना बदलावी लागली, पुढे उलटल्यावर संरक्षण देणारे सांगाडेही बसवले गेले.

२०/ १९८७ सालच्या नमुन्याची रँग्लर वायजे आली, तेव्हा तिच्यात पाटे होते आणि ते ॲक्सलच्या खालीच होते. ते पूर्वीपेक्षा रुंद होते आणि ॲक्सलला आडवे सरकू न देणारे दांडे जोडीला होते. १९९७ सालच्या टीजेमध्ये पाट्यांची जागा गुंडाळी स्प्रिंगने घेतली. कारखान्यातील रँग्लरपुरता पाट्यांचा अध्याय तिथे संपला. जुन्या गाड्या जपणाऱ्यांचा अजून चालू आहे.

२१/ भारतात या प्रश्नाला कायद्याचेही अंग आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे अधोरेखित केली. हौशी मंडळींना हे बंधन जाचक वाटते. परंतु उलटणाऱ्या गाडीखाली तिचा मालक एकटा सापडत नाही. समोरून येणाराही त्यात असतो.

२२/ पाटा खाली ठेवणारे १९४० चे रचनाकार अडाणी नव्हते आणि तो वर नेणारे रुबिकॉनचे हौशीही मूर्ख नव्हते. पहिल्यांना शत्रूच्या नजरेतून निसटायचे होते, दुसऱ्यांना शिळा ओलांडायची होती, आणि वडापच्या चालकाला माणसे वाहायची होती. चूक झाली ती जुने उत्तर कोणत्या प्रश्नाचे होते, हे न विचारता ते पुसून टाकणाऱ्यांची. वेल्डिंगची ठिणगी पडण्यापूर्वी गाडीखाली वाकून तो प्रश्न वाचता येतो. तो तिथे, यू-बोल्टांच्या गंजलेल्या आट्यांवर, १९४० पासून लिहिलेला आहे.

(समाप्त)