मोड, वाकळ आणि उकिरडा

इतिहास म्हटला की आपल्या सीमाभागात दोनच विषय निघतात : एक गडकिल्ल्यांचा आणि दुसरा 1 नोव्हेंबर 1956 चा. घराबाहेर टाकलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हाही इतिहासच आहे. फक्त तो कुणी लिहीत नाही.

माझ्या आजीच्या पिढीत ‘कचरा’ हा एकजिनसी ढीग नव्हताच. फुटके तांब्या-पितळेचे भांडे ही ‘मोड’. ती कासाराकडे जाई. तो तोलून, घट वजा करून नव्या भांड्याच्या किमतीत धरी. जुने लुगडे बोहारणीला तरी द्यायचे, नाहीतर त्याची वाकळ शिवायची. शेजारची कानडी मावशी तिलाच कौदी म्हणे. टाके मात्र तेच. शेण, राख, पालापाचोळा उकिरड्यावर. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, पण शेतकऱ्याचा उकिरडा दर उन्हाळ्यात रानात जाई. गुऱ्हाळावर तर चिपाडच चुलवाणात जळे. प्रत्येक वस्तूची वाट घरातच ठरलेली असे.

शहरांसाठी हेच काम शास्त्राने केले. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला खताची पद्धत बसवली. 1939 मध्ये डॉ. सी. एन. आचार्य यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत दुसरी सिद्ध केली : चरात केरकचरा आणि मैला यांचे थर द्यायचे, वर माती लिंपायची आणि न हलवता काही महिने कुजू द्यायचे. ‘बंगळूर पद्धत’ हे तिचे नाव. ती चालली, कारण तेव्हाच्या केरात कुजणारेच जास्त होते.

लोखंडाची वाट निराळी. बेळगावच्या उद्यमबागेत आणि तिकडे कोल्हापुरात ओतकामाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. भंगाराच्या गाडीला भाव कळतो, सीमा कळत नाही. पण भट्टीत काहीही टाकून चालत नाही. बीड घणाने फुटते, पोलाद वाकते. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की विषारी धूर होतो. ओले भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा रसात पडला, तर स्फोट होऊन जीव जातो. निवडणे ही तिथे टापटिपीची नव्हे, जिवाची बाब आहे.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतही हाच धडा. पाला चाळून उरलेली भुकटीसुद्धा वाया जात नसे. तंबाखूच्या अशा अवशेषांतून कीटकनाशक निकोटिन सल्फेट काढता येते. मात्र ती भुकटी चाळणाऱ्या बायांच्या छातीतही जाई. त्याची घट कोणत्याच तराजूने धरली नाही.

मग प्लॅस्टिक आले आणि सगळे एका पिशवीत कोंबले गेले. बंगळूरजवळच्या अल्मित्रा पटेल 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यानंतर 2000 चे नियम झाले. 2016 च्या नियमांनी घरातच तीन वाटे करायला सांगितले : ओला, सुका आणि घरगुती घातक. कानडीत ओल्याला ‘हसी कस’ आणि सुक्याला ‘ओण कस’ म्हणतात. शब्द दोन, कृती एक.

बेळगावचा कचरा तुरमुरीला जाऊ लागला. अशा ठिकाणी ओल्याच्या लांब राशी लावतात, आतली उष्णता पाहून त्या उलटतात, पाणी मारतात, कुजले की चाळतात. कागद, काच, धातू आपापल्या खरेदीदाराकडे जातात. कशाच्याच कामाचे नाही ते पुरतात. सरमिसळ झाली की खतात काच येते आणि शेतकऱ्याच्या पायात शिरते. ढिगाखालचे काळे पाणी विहिरीकडे सरकण्याची भीती उरते. आपण न केलेली निवड दुसरे कुणीतरी उघड्या हातांनी करते. बहुधा ती बाईच असते. आणि न निवडलेले सारे शहराबाहेरच्या एखाद्या खेड्याच्या शिवारात साठते.

दिवाळीत घर झाडून काढताना आपण अलक्ष्मीला हाकलतो. ती कुणाच्या दारात जाते, हे विचारण्याचा प्रघात नाही. यंदा तो पाडावा. आजीने शिकवलेली निवडानिवड पुन्हा सुरू करायला दोन बादल्या, एक लहानसा डबा आणि थोडी लाज एवढे पुरेसे आहे.